मानशीवरच्या मामांना, त्या बॅटरीबद्दल

मामा, नमस्कार.

हे पत्र तुमच्यासमोर बसून वाचून दाखवायला मला जमणार नाही. दोन ओळी झाल्या की मी रडेन आणि तुम्ही "पावस येतलोसो दिसता" म्हणत उठून मानशीकडे, बांधातल्या पाण्याच्या दारांकडे, चालायला लागाल. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही बोलता कोंकणीतनं पण पेपर वाचता मराठी, चातुर्मासात पोथी वाचता ती पण मराठी, माझे आजोबा तसेच होते, म्हणून मराठीत. तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही, ते तुम्हाला रुचणार नाही हे मला माहितीये. गोव्यातल्या तिसवाडीतलं एक बेट, फेरी पकडून यायचं, एवढं पुरे.

गेल्या आठवड्यात मामींनी पेज वाढता वाढता मला एक गोष्ट सांगितली. त्यांना वाटलं मला ती आधीच ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हती. घरी आले आणि मागच्या पायरीवर बसून किती वेळ रडले माहीत नाही, आई दोनदा बाहेर येऊन बघून गेली. ती गोष्ट पुढं लिहिते, पण आधी मी तुमच्यापर्यंत कुठल्या अवस्थेत पोचले ते सांगायला पाहिजे, कारण तुम्ही मला ते कधी विचारलंच नाही. वर्षभरात एकदाही नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात मी २० वर्षांची होते. चांदरला रेल्वेच्या रुळांवर रात्री माणसं जमली होती, मोलेच्या अभयारण्यातनं दुपदरी रेल्वे, चौपदरी रस्ता आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी न्यायचं चाललं होतं त्याच्या विरोधातली ती चळवळ, मी घरी मैत्रिणीकडे जाते सांगून गेले. मेणबत्त्या, गाणी, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. परत येताना वाटलं आता जग बदलणार आणि त्यात माझा हात असणार. ती रात्र वाया गेली नव्हती, कारण २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्या रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं दिलेली मंजुरी रद्द केली. पण ती बातमी आली तेव्हा मी ती मोबाईलवर वाचली, हार्ट टाकला आणि अर्ध्या मिनिटात खालची वाईट बातमी उघडली. तोवर चांगलं काही अंगी लागायचं बंदच झालं होतं.

त्याच वर्षी पुण्यात नोकरी लागली. मोठी कंपनी, नाव घेत नाही. पर्यावरणाचं काम करणारी टीम होती तिथं आणि मी जीव टाकून अर्ज केला होता. दोन वर्षं मी तिथं स्लाइडी केल्या मामा. हिरव्या रंगाच्या स्लाइडी. एका पावसाळ्यात टेकडीवर रोपं लावली, सगळ्यांनी टोप्या घातल्या, फोटो काढले. एप्रिलात मी रविवारी एकटी बघायला गेले तर एकूण एक रोप वाळून काडी झालेलं, पाणी घालायला कुणी ठेवलंच नव्हतं. सोमवारी साहेबांना सांगितलं तर म्हणाले फोटो आहेत ना, रिपोर्ट गेला, आता पुढच्या वर्षीचं बघ. माझ्या आतलं काहीतरी त्या सोमवारी मेलं असं मला वाटतं.

मग ३० जुलै २०२४. केरळात वायनाडला पहाटे दरड कोसळली, अख्ख्या वस्त्या चिखलाखाली गेल्या, आणि तो सह्याद्रीच, आपल्या म्हादयी नदीच्या डोंगरांचाच दक्षिणेकडचा भाऊ. मी तीन रात्री झोपले नाही, फक्त व्हिडिओ बघत बसले. जणू मी बघायचं थांबवलं तर त्या माणसांना मी सोडून दिल्यासारखं होईल. सप्टेंबरात नोकरी सोडून घरी आले.

घरी मी फार वाईट वागले. बाबांनी बाजारातनं प्लास्टिकची पिशवी आणली की मी त्यांना जेवणाच्या ताटावर ऐकवायचे. आईनं पंखा चालू ठेवला की ऐकवायचे. वहिनीच्या बाळाच्या डायपरवरनं मी तिला इतकं बोलले की ती महिनाभर माहेरी गेली. मला सगळ्या जगाची काळजी होती आणि घरातल्या चार माणसांशी नीट बोलता येत नव्हतं. शेवटी शेवटी बाबा माझं जेवण झाल्यावर जेवायला बसायचे. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

मदत मागितली नाही असं नाही. पणजीत एका समुपदेशकांकडे गेले, त्यांनी घड्याळाकडे बघत सांगितलं की बातम्या बघू नको, गाणी ऐक, मोकळ्या हवेत फिर. मावशी म्हणाली लग्न झालं की ही असली खुळं आपोआप जातात. ज्यांचं बोलणं ऐकून मी चांदरला गेले होते असे एक ज्येष्ठ कार्यकर्ते, त्यांना मी मोठा मेसेज लिहिला, मला काय करता येईल सांगा, कुठलंही काम सांगा, तर उत्तर आलं की तुमच्या पिढीला रीलच्या पलीकडे काही दिसत नाही. तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही. आता राग नाही पण सांगून ठेवते, तेवीस-चोवीस वर्षांची पोर काम मागायला येते तेव्हा तिला असं परत पाठवू नये. ती परत कुणाकडे जाईलच असं नसतं.

आणि मग बांध. आमची तीन शेतं खाजनात, बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण खाजन म्हणजे काय हे मी कधी डोळे उघडून बघितलंच नव्हतं. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे, २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या, अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे, हे सगळं मला तोंडपाठ, पुण्यात त्याची स्लाइड केली होती मी. पण आमच्या शेताला नदीपासून वाचवणारा बांध कुठून सुरू होतो कुठं संपतो ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गेल्या पावसात त्याला पाणी झिरपायला लागलं. मी फोटो काढले, ईमेल केले, एका ऑफिसात तीनदा गेले, तिथं मला ही जागा आमच्याकडे येत नाही एवढंच कळलं. सगळं सांगत बसत नाही, ज्यांनी कधी असल्या चकरा मारल्यात त्यांना माहीत आहे.

सुतांपुनवेच्या, म्हणजे नारळी पुनवेच्या, आदल्या संध्याकाळी मी बांधावर उभी राहून व्हिडिओ काढत होते. भरती चढत होती. आतल्या बाजूनं पाणी बारीक धारेनं शेतात येत होतं, सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात चांगलं गुडघाभर वाढलेलं, आणि मी त्या धारेवर मोबाईल धरून बोलत होते, बघा हे असं आहे आपलं सरकार, असं आहे आपलं भविष्य, वगैरे. आवाज कापत होता माझा. तुम्ही मागून आलात, खांद्यावर खोरं, हातात घमेलं, डोक्याला पंचा. तुम्ही थांबलात. मला वाटलं आता ओरडणार, पोरीबाळींनी या वेळेला इथं काय म्हणून. तुम्ही माझं बोलणं संपेस्तोवर गप्प उभे राहिलात आणि मग म्हणालात, "व्हिडिओ जालो? जाल्यार ही बॅटरी धर."

एवढंच. ती जुनी, पत्र्याची, तीन सेलची बॅटरी, तुमच्या हातानं गरम झालेली, माझ्या हातात दिलीत आणि तुम्ही बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात उतरलात.

पुढच्या तीन तासांत मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजात शिकले नाही. धार आत दिसते पण भोक बाहेरच्या अंगाला शोधायचं असतं. ते कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, बीळ होतं, कुर्ल्या बांध पोखरतात आणि पाणी त्याच वाटेनं शिरतं, आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं, आणि एका उधाणात अख्खा बांध घेऊन जातं. तुम्ही हातानं चाचपत बीळ शोधलंत, पेंढा घातलेल्या चिखलाचे गोळे आत कोंबलेत, पायानं दाबलेत, परत कोंबलेत. मी उजेड तुमच्या हातांवर धरून होते. एकदा मी पाण्याकडे बघत राहिले आणि उजेड हलला तर तुम्ही नुसतं "हांगा" म्हणालात. मध्ये पाऊस येऊन गेला. मामी डोक्यावर पोतं घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, आईला निरोप त्यांनीच पाठवला होता. साडेदहाच्या सुमाराला नदी बांधाच्या काठापासून वीतभर खाली होती, पुनवेचं पाणी, आणि आतली धार थांबली होती.

परतताना बांध निसरडा झाला होता. तुम्ही पुढं झालात, मी मागनं. मी उजेड तुमच्या पायांवर टाकत होते, तर तुम्ही मागं न बघता म्हणालात, "म्हज्या पांयांर नाका, फुडें मार." पायाखालची वाट तुम्हाला पाठ होती, उजेड पुढच्या वळणावर पाहिजे होता. ते वाक्य मी त्या रात्रीपासून किती वेळा मनात म्हटलंय ते मोजलेलं नाही. आणि घराच्या कोपऱ्यावर, वळताना, "फाल्यां साडेपांचांक सुकती. येतलें न्हय?" म्हणजे उद्याची ओहोटी किती वाजता ते सांगितलंत, जसं एखाद्या कामाच्या माणसाला सांगतात तसं. शाबास म्हणाला नाहीत, आभार मानले नाहीत, माझे डोळे सुजलेले दिसत होते तरी विचारलं नाहीत. त्या रात्री मला झोप लागली. किती महिन्यांनी ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आले, आणि मग येतच राहिले. तुम्ही मला भरती-सुकतीचं घड्याळ दिलंत. रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकणारं ते घड्याळ, मी मोबाईल उघडायच्या आधी आता चंद्र बघते. मानस कशी चालते ते दाखवलंत. चिऱ्यांच्या भिंतीत बसवलेली लाकडी दारं, भरतीला बाहेरचं पाणी त्यांना ढकलून घट्ट मिटवतं आणि सुकतीला आतलं पाणी त्यांना ढकलून उघडतं. मोटर नाही, वीज नाही, माणूस झोपला तरी नदीच आपलं दार लावते आणि नदीच उघडते. पोर्तुगीज १५१० साली आले त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या लोकांनी हे करून ठेवलंय आणि मी पुण्यात बसून परदेशातल्या कुठल्या कुठल्या शहरांची उदाहरणं शोधत होते.

एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे. तुम्ही पावणीत, लिलावात, मानस घेता, म्हणजे सुकतीला दारात जाळं लावून जे शेवटे, सुंगटं, एखादा चणक मिळेल तो तुमचा. खारं पाणी जास्त वेळ आत राहिलं तर मासळी जास्त. असं करणारे आहेत, दारं मुद्दाम उघडी ठेवणारे, बांधच फोडणारे सुद्धा, आणि त्यांच्यामुळं कितीतरी चांगली शेतं खारवून पडीक झाली. तुम्ही पावणी भरता ती त्यांच्यासारखीच भरता, पोट तुम्हालाही आहे, घराचं छप्पर तुमचंही गळतं. पण सरदीचं भात शेतात असताना तुमच्या मानशीचं दार वेळेवर मिटलं नाही असं कधी झालं नाही. मी विचारलं होतं, का? तुम्ही म्हणालात, दुसऱ्याच्या भातात मीठ घालून आपली मासळी गोड लागत नाही. आणि लगेच जाळं झटकायला लागलात.

आता मामींनी सांगितलेली गोष्ट.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या घरी कोरगुट तांदळाची पेज जेवत होते आणि सहज म्हणाले, मामी, त्या रात्री मी नसते तर मामांची बॅटरी कोणी धरली असती? मामी हसल्या. "तांकां बॅटरी धरपाक मनीस कित्याक जाय? मान वांकडी करून खांद्यार धरतात आनी दोनूय हातांनी काम करतात. तीस वर्सां." मी गप्प झाले. मग त्या पेजेत मीठ घालत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुजें तोंड पळोवन दिली आसतली." तुझं तोंड बघून दिली असेल.

मामा, वर्षभर मी समजत होते की त्या रात्री तुम्हाला माणूस कमी पडत होतं आणि योगायोगानं मी तिथं होते. त्या एका समजुतीवर मी उभी राहिले. घरी जाऊन बाबांना सांगितलं होतं की माझ्यामुळं बांध वाचला, निदान थोडा तरी. बाबा त्या दिवशी माझ्याबरोबर जेवायला बसले होते. आणि तुम्हाला गरजच नव्हती. भरती चढत होती, वेळ नव्हता, अंधारात नवख्या पोरीच्या हातात उजेड देणं म्हणजे तुमचं काम जास्त अवघड, ती घाबरली, पळाली, बॅटरी पाण्यात पडली तर काय? तरी दिलीत. रडणाऱ्या माणसाच्या हातात काम दिलंत. आणि वर्षभर कधी कळू दिलं नाहीत की ते माझ्यासाठी होतं.

मला पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे मी लागत नव्हतेच का, असं. मग पायरीवर बसल्या बसल्या लक्षात आलं की पहिल्या रात्री लागत नसेन कदाचित, पण आता लागते. आता बाहेरच्या अंगाचं बीळ मला हातानं सापडतं. गुडघा दुखतो म्हणून तुम्ही पाण्यात उतरत नाही त्या दिवशी मी उतरते. कांदळाचं रोप बांधाच्या पायथ्याशी असलं तर राखायचं, लाटा अडवतं, पण ऐन बांधावर रुजलं तर काय करायचं ते तुम्हाला विचारायचं, हे मला कळतं. तुम्ही खोटं बोलला नव्हता, थोडं आधी सांगितलं होतंत इतकंच.

बातम्या अजून वाचते. म्हादयीचं पाणी, डोंगरकापणी, सगळ्याचं अजून तितकंच लागतं मनाला, कमी झालेलं नाही आणि कमी व्हावं असं मला वाटतही नाही. ग्रामसभेला जाते, बोलते, गेल्या वेळी बांधाचा विषय मीच मांडला आणि आवाज कापला नाही कारण कुठं किती हात खचलंय ते मला माहीत होतं. पण आता वाईट बातमी वाचून झाली की उठून जायला एक जागा आहे. वहिनीची मी माफी मागितली. बाबांना पिशवीवरनं बोलत नाही, कापडी पिशवी त्यांच्या स्कूटरच्या डिकीत ठेवते, ते कधी वापरतात कधी विसरतात. परवा ते पण बांधावर आले होते, तुम्ही त्यांच्या हातात घमेलं दिलंत तेव्हा मी तोंड वळवलं, मला बघवेना.

तुमच्यासारखी माणसं मला आता सगळीकडे दिसायला लागलीयेत. फेरीवरचा तो खलाशी, धावत येणाऱ्या म्हातारीसाठी साखळी लावता लावता थांबतो आणि दुसरीकडेच बघत राहतो, जणू तिच्यासाठी थांबलेलाच नाही. आमचा पदेर, म्हणजे पाववाला, पलीकडच्या घरातली आजी एकटी आहे म्हणून तिच्या दारात भोंपू दोनदा वाजवतो आणि ती बाहेर येईपर्यंत सायकलवरनं उतरत नाही, पुढंही जात नाही. ही माणसं आधी पण होती. मीच वर बघत होते, मोठ्या माणसांकडे, स्टेजवरच्या माणसांकडे, त्यांनी मला काहीतरी सांगावं म्हणून. त्यांना वेळ नव्हता. तुम्हाला तर खरंच वेळ नव्हता, पाणी चढत होतं.

ज्यांच्या घरात माझ्यासारखी कोणी आहे, रात्र रात्र फोन बघणारी, सगळ्यांवर चिडणारी, जगाचं काय होणार म्हणून रडणारी, त्यांना मी हात जोडून सांगते, तिला वेड लागलेलं नाही. तिला कामाला घ्या. तुमच्याकडे जे काय खरं काम असेल त्यात, विहीर उपसायची असेल, कुळागरात, पोफळीच्या बागेत, पाटाचं पाणी फिरवायचं असेल, काहीही.

मामा, हे सगळं वाचून तुम्ही मला काही बोलू नका, मला माहितीये तुम्हाला संकोच होईल, मला पण होईल. मी खूप खूप आभारी आहे. हा शब्द आपण कोंकणीत एकमेकांना तोंडावर सहसा म्हणत नाही, म्हणून इथं लिहून टाकला.

उद्या अमावास्या. सुकती साडेपाचच्या आसपास, तुम्ही सांगायच्या आधी मी काढली, चुकली असेल तर सांगा. मधल्या वळणावर परत थोडं झिरपतंय, काल बघून आले, पेंढा मी घेऊन येते. बॅटरी माझ्याकडेच आहे, सेल नवे घातलेत.

तुमची,
मागच्या घरातली